एकी की नुसता योगायोग?

आपल्या आटपाडी-खानापूरचे गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत. कोण कुणाला ओळखतो याचं जाळं काढलं तर त्रिकोण भरपूर दिसतील: माझे दोन ओळखीचे एकमेकांच्याही ओळखीचे. ही एकीच म्हणायची का? थांबा. बड्या शेठच्या ओळखी शेकडो, त्याच्याभोवती त्रिकोण आपसूक पडतात.

म्हणून दोन जोड्या उचला: अ-ब, क-ड. टोकं बदला: अ-ड, क-ब. तशी जोडी आधीच असेल तर सोडा. असं पुष्कळदा करा. ओळखी विस्कटतात, पण प्रत्येकाचा आकडा तोच राहतो. मास्लोव्ह आणि स्नेपेन यांनी २००२ मध्ये प्रथिनांच्या जाळ्यांवर हेच केलं.

अशी हजार जाळी बनवा. खऱ्या जाळ्यातले त्रिकोण त्यांच्यापेक्षा ठळक जास्त निघाले, तरच एकी म्हणा. नाहीतर नव्या पोराला आधार जाळ्याचा नाही, एकट्या शेठचा. तो बसला की पोरगं उघड्यावर.