लहान होडीची गिअरपेटी : निवड आणि निगा



दि. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान अडकली. गाडीतील १,००० हून अधिक प्रवाशांच्या सुटकेत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या उपयोगी पडल्या. हीच नदी पुढे कल्याण-डोंबिवलीजवळून वाहत ठाण्याच्या उत्तरेस वळते व वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. तिच्या काठच्या गावांनी यंत्रहोडी बाळगणे हिताचेच होय; परंतु यंत्र घेताना बहुधा केवळ अश्वशक्तीची चौकशी होते. पाण्याखाली राहणाऱ्या गिअरपेटीचा विचार मागे पडतो.

होडीच्या मागे टांगावयाच्या यंत्राचे इंजिन भरवेगात मिनिटाला सुमारे ५,००० ते ६,००० फेरे घेते. पंखा त्याच गतीने फिरला तर पाणी नुसते घुसळले जाईल. म्हणून गिअरपेटी फेरे कमी करते. २:१ या प्रमाणात ते निम्मे होतात, ३:१ मध्ये एक-तृतीयांश. फेरे कमी असले की मोठ्या व्यासाचा पंखा बसविता येतो आणि तो जड होडीस संथपणे, पण जोराने रेटतो. हलक्या, वेगवान होडीस २:१ च्या आसपासची पेटी शोभते. माणसे भरून प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीस ३:१ च्या जवळची. अश्वशक्ती तीच, काम मात्र निराळे.

काही लहान यंत्रांना उलटी गती नसते. पुरात भिंतीजवळ होडी थांबवावयाची तर ती हवीच. यंत्राच्या दांड्याची लांबीही होडीच्या मागील फळीची उंची मोजून ठरवावी. दांडा आखूड पडल्यास पंखा हवा ओढतो. लांब पडल्यास खाडीच्या चिखलात रुततो.

निगा सोपी आहे. गती बदलताना इंजिन मंद करावे, अन्यथा गिअरचे दाते तुटतात. पेटीतील तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजावे. जाळ्याचा दोरा वा जलपर्णी पंख्याच्या दांड्याला गुंडाळली गेल्यास तत्काळ काढावी. दोरा आत शिरून तेलरोधक कडी कापतो. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे.

ग्रामपंचायतीने खरेदीपूर्वी होडीत किती माणसे बसावयाची, हे प्रथम ठरवावे व विक्रेत्याकडून गिअरचे प्रमाण लेखी घ्यावे. पावसाळ्यापूर्वी पूर्ण भार घालून चाचणी करावी. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. पुराच्या बाबतीत तर मुळीच नाही.