मुलांच्या भांड्यांतील न दिसणारें विष

(पनवेल येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय तुम्हांस नवा वाटेल, पण तो तुमच्या चुलीपाशींच आहे. बाळाची दूधबाटली, पाण्याचा जार, डबाबंद खाऊ आणि दुकानची गुळगुळीत पावती, या चार जिनसांत बिस्फेनॉल-ए नांवाचें रसायन असूं शकतें. पॉलिकार्बोनेट हें कांचेसारखें पारदर्शक व कडक प्लास्टिक त्यापासून होतें. पत्र्याच्या डब्यांच्या आंतील अस्तरांतही तें वापरलें जातें. भांडें तापलें, घांसून त्याला चरे पडले, कीं त्याचा अंश दुधापाण्यांत उतरतो.

१९३६ सालीं इंग्लंडांतील डॉड्स या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, हें रसायन स्त्री-संप्रेरकासारखें काम करतें. पॉलिकार्बोनेटचा शोध लागला १९५३ सालीं. म्हणजे धोक्याची घंटा आधीं वाजली आणि बाटल्या मागाहून बाजारांत आल्या! नफ्याला कान नसतात, हेंच खरें.

मुलांना याची बाधा अधिक कां? वजनाच्या मानानें मूल मोठ्या माणसापेक्षां अधिक खातें-पितें. हातीं येईल तें तोंडांत घालतें. आणि तान्ह्याचें यकृत हें रसायन बाहेर टाकण्यास पुरतें तयार झालेलें नसतें.

आतां कोणाच्या मुलांना अधिक, तें ऐका. अमेरिकेंत २००३-०४ सालीं अडीच हजार लोकांची लघवी तपासली, तेव्हां शेंकडा ९२ हून अधिक लोकांत तें सांपडलें. प्रौढांपेक्षां मुलांत अधिक आणि श्रीमंतांपेक्षां गरिबांत अधिक! ज्या घरांना धर्मादाय अन्नावर दिवस काढावे लागतात, त्या घरच्या मुलांत तें विशेष अधिक असल्याचें २०१२ सालच्या एका निबंधांत दाखविलें आहे. विष जात विचारीत नाहीं म्हणतात. पण तें खिसा मात्र नेमका ओळखतें.

पनवेलकरांनो, हा हिशेब इकडे लावून पहा. वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी आईला सहा महिने घरीं बसून बाळाला अंगावर कोण पाजूं देतो? नळ कोरडा पडला कीं जार विकत घेण्यावांचून मजुराला दुसरा मार्ग कोणता? सधन माणूस चांगली बाटली निवडतो; गरिबाला स्वस्तांत मिळेल ती घ्यावी लागते.

कायदा नाहीं असें नाहीं. १९९२ च्या कायद्यानें दूधबाटलीच्या जाहिरातीला बंदी केली. भारतीय मानक संस्थेनें २०१५ सालच्या मानकांत दूधबाटलींतून बिस्फेनॉल-ए वर्ज्य केलें. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०२३ सालीं सुरक्षित मर्यादा पूर्वीच्या वीस हजारांश केली. अमेरिकेचें अन्नखातें तितकें कडक नाहीं. विद्वानांचा वाद चालूं द्या. पण तो मिटेपर्यंत आमच्या लेकरांनीं कां थांबावें?

एकेकाळीं ज्ञान संस्कृतांत कोंडून बहुजनांस अडाणी ठेविलें. तें कुलूप फोडण्यासाठीं जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. आज तेंच कुलूप बाटलीच्या बुडाशीं बारीक इंग्रजी अक्षरांत लागलें आहे. तेथें त्रिकोणांत ७ हा आंकडा असेल तर ती पॉलिकार्बोनेटची असूं शकते. ५ असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची, त्यांत बिस्फेनॉल वापरीत नाहींत. ‘बीपीए-मुक्त’ एवढ्या शब्दांवरही भुलूं नका. कित्येक मालांत त्याचाच भाऊबंद बिस्फेनॉल-एस घातलेला असतो.

बायांनो, सहा महिने केवळ अंगावरचें दूध. पुढें स्वच्छ वाटी-चमचा. शाळेला पितळी वा पोलादी डबा द्या, प्लास्टिकच्या भांड्यांत ऊन पदार्थ घालूं नका, पावती मुलाच्या हातीं देऊं नका.

परंतु सारा भार आईच्याच माथीं मारणें हा अन्याय होईल. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली. तिनें वस्तीवस्तींत नळाचें पाणी द्यावें, बाजारांतील बाटल्या व जार तपासावे. कामाच्या जागीं पाळणाघर असावें. मालावर ठळक मराठींत मजकूर असावा. आणि कातकरी पाड्यापासून बंगल्यापर्यंत सर्व थरांतील मुलांची तपासणी होऊन तिचे आंकडे जाहीर व्हावे. हें भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा. आणि मागण्यापूर्वीं घरीं जाऊन बाटलीचें बूड एकदां उलटून वाचा.