एका परिचारिकेमागे किती खाटा?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा वाढवून दिला आहे.)



मेळाव्यात मला ‘शिक्षण आणि सेवा’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. विषय इतका ऐसपैस की त्यावर काहीही बोलले तरी चालून जाते. म्हणून मी त्यातला एकच धागा धरला. इस्पितळातील परिचारिका, ज्यांना आपण सिस्टर म्हणतो त्या, कोणत्या परिस्थितीत काम करतात आणि खाटेवरच्या माणसाच्या जिवाशी त्याचा काय संबंध पोचतो, एवढेच मला सांगायचे आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत इतिहास शिकवणारा माणूस आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका रात्रीमुळे.

अब्बांच्या पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा सहा रात्री मी त्यांच्या उशाशी बसून काढल्या. वॉर्डात अडतीस खाटा होत्या, शिवाय काही रुग्ण खाली गादीवर. रात्रपाळीला एक सिस्टर आणि हाताखाली एक विद्यार्थिनी. दुसऱ्या रात्री सलाईन संपत आले. मी दोनदा हाक मारली, कुणी आले नाही. सिस्टर आली तेव्हा वर्गात चढतो तसा माझा आवाज चढला. ‘पगार कशाचा घेता?’ असे मी चारचौघांत विचारले. ती काही बोलली नाही. बाटली बदलली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास हीच सिस्टर दुसऱ्या कुणाचे इंजेक्शन घेऊन चालली असता अब्बांच्या खाटेपाशी थबकली. मला तर ते शांत झोपलेले दिसत होते. तिने कपाळाला हात लावला, नाडी धरली, लघवीच्या पिशवीकडे पाहिले, रक्तदाब घेतला आणि फोनकडे धावली. आत रक्तस्राव होत होता. पहाटे पुन्हा ऑपरेशन झाले. अल्लाहच्या कृपेने अब्बा आज फजरच्या नमाजला चालत जातात.

पण ती आदल्या रात्रीसारखी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला अडकली असती तर? या ‘तर’चा हिशेब कुणी मांडला आहे काय, हे मी शोधू लागलो. तो मांडलेला आहे, आणि फार कसून मांडलेला आहे.

ऑपरेशननंतर काही रुग्णांत बिघाड उद्‌भवतो, तो चांगल्यात चांगल्या इस्पितळातही उद्‌भवतो. बिघाड झालेल्यांपैकी किती जणांना वाचवता आले नाही, हे मोजण्याची रीत अमेरिकेतील डॉ. जेफ्री सिल्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. यातली मेख अशी की बिघाड आधी कुणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. चोवीस तास खाटेजवळ पाळीपाळीने हजर असते ती परिचारिका. श्वास जलद झाला, अंगाला गार घाम सुटला, कालपर्यंत बोलणारा रुग्ण आज बरळू लागला, हे तिला दिसते. अर्थात, ती तिथे असली तर.

पेनसिल्वेनिया विद्यापीठातील लिंडा एकेन या स्वतः मूळच्या परिचारिका. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील १६८ इस्पितळांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका बाजूला १०,१८४ परिचारिकांना विचारलेले प्रश्न: तुमच्या वाट्याला किती रुग्ण येतात, थकवा किती, नोकरीवर समाधान आहे काय. दुसऱ्या बाजूला ऑपरेशन झालेल्या २,३२,३४२ रुग्णांच्या नोंदी. दोन्ही एकत्र ठेवल्यावर दिसले ते असे. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ऑपरेशननंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढते. आणि त्याच एका रुग्णाने परिचारिका कामाने पार पिचून जाण्याची शक्यता शेकडा २३ ने वाढते.

इथे शिक्षकाची सवय म्हणून एक खुलासा करतो. शेकडा ७ ने वाढते याचा अर्थ शंभरातील सात माणसे अधिक दगावतात असा नव्हे. त्या अभ्यासात शंभरामागे सुमारे दोन रुग्ण दगावले होते, त्या दोनांत ही वाढ. म्हणजे फारच थोडी, असे कुणी म्हणेल. परंतु संशोधकांनीच पुढे हिशेब केला आहे: सगळीकडे एका परिचारिकेमागे चारऐवजी आठ रुग्ण असते, तर हजार रुग्णांमागे सुमारे पाच मृत्यू अधिक झाले असते. त्या पाचांत आपले कोण, हे आधी सांगता येत नाही.

आता कुणी शहाणा वाचक म्हणेल की ज्या इस्पितळात परिचारिका कमी, तिथे बाकीच्या सोयीही कमीच असणार. मग दोष एकट्या त्या आकड्याचा कसा? शंका रास्त आहे. रुग्णाचे वय, आजार, इस्पितळाचा आकार व यंत्रसामग्री यांचा हिशेब संशोधकांनी धरला होता, तरीही असा अभ्यास दोन गोष्टी बरोबरीने चालतात एवढेच दाखवतो. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० इस्पितळांतूनही तोच शेकडा ७ चा आकडा निघाला, तेव्हा विश्वास वाढला खरा, पण शंका पुरती फिटली नाही. ती बरीचशी फिटते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यापाशी. तिथे २०१६ मध्ये काही सरकारी इस्पितळांत ठराविक वॉर्डांसाठी कायद्याने प्रमाण बांधून दिले: दिवसा चार रुग्णांमागे एक परिचारिका, रात्री सातांमागे एक. अशी २७ इस्पितळे आणि कायदा लागू न झालेली २८, यांची दोन वर्षांनी तुलना झाली. कायदा नव्हता तिथे घरी सोडलेले रुग्ण परत दाखल होण्याचे प्रमाण वाढले, कायदा होता तिथे ते वाढले नाही. आणि नव्या परिचारिकांवर जो खर्च झाला त्याच्या दुपटीहून अधिक पैसा खाटा लवकर मोकळ्या होऊन वाचला. ‘परवडत नाही’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी हा आकडा भिंतीवर टांगावा.

पण केवळ संख्येचीच ही गोष्ट नाही. इझाबेल मेन्झिस या विदुषींचा लंडनच्या एका मोठ्या इस्पितळाचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात. कारण काय? मरणाशी, वेदनेशी रोज गाठ पडते, त्याचा ताण कुणी वाटून घेत नाही. उलट इस्पितळाने अशी घडी बसवली होती की परिचारिकेने माणसाकडे पाहूच नये. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या नंबराने ओळखावे, एकाच माणसाची सगळी शुश्रूषा करण्याऐवजी सगळ्या वॉर्डाचे एकेक काम उरकत जावे. आमच्या वॉर्डातही अब्बा ‘अकरा नंबर’ होते. मला त्याचा राग आला होता. आता वाटते, अडतीस नावे लक्षात ठेवून कोण रात्र काढील?

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक कागदावर चांगले आहे: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका. मी मोजलेला आकडा वर दिलाच आहे. पगाराचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने, खाजगी रुग्णालय कितीही लहान असो, परिचारिकेला महिना वीस हजारांखाली पगार नसावा अशी शिफारस केली. शिफारस आणि हातात पडणारा पगार यांतले अंतर तुमच्या नात्यात कुणी परिचारिका असेल तर तिलाच विचारा.

आपल्या जलशांतून हजरत रुफैदा (र.) यांचे नाव आवर्जून घेतले जाते. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (र.) यांना मदीनेत मस्जिदीतील त्यांच्याच तंबूत ठेवले होते. हे नाव अभिमानाने घेणारे आपण, स्वतःच्या मुलीने नर्सिंगला जाते म्हटले की मात्र गप्प होतो. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. बापाची भीती खोटी नसते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी कामाच्याच जागी, तळघरात कपडे बदलायला गेल्या असता, हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. मधली एकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. इतकी वर्षे खाटेवर असूनही अंगावर एक चट्टा पडू दिला नाही, याची नोंद २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. ही सेवा जगात कुठेही मिरवावी अशी. पण कपडे बदलायला सुरक्षित खोली असती, तर त्या सेवेची वेळच आली नसती.

आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून यंदा विज्ञान शाखेत बारावी झालेल्या एका मुलीला नर्सिंगला जायचे आहे. तिचे वडील मेळाव्यात मागच्या रांगेत होते. भाषण संपल्यावर ते मला म्हणाले, ‘सर, तुम्ही तर मला आणखीच घाबरवलेत.’ मी म्हटले, भाईजान, तुम्ही ‘नाही’ म्हणू नका आणि ‘होय’ही म्हणू नका, आधी विचारायला चला. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे आणि ती मुलगी त्या संस्थेत गेलो. वसतिगृह पाहिले. रात्रपाळीहून मुलींना कोण पोचवते, कपडे बदलण्याची खोली कुठे, तिला आतून कडी आहे काय, हे वडिलांनी स्वतः विचारले. आणि रात्री एका सिस्टरमागे खाटा किती, हे मुलीने विचारले. मेट्रनबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ड्यूटीची वही उघडून आमच्यापुढे ठेवली. आकडा परिषदेच्या मानकाहून बराच वर होता, पण त्यांनी तो लपवला नाही. अर्जाला अजून बारा दिवसांची मुदत आहे. फॉर्म वडिलांच्या खिशात आहे.