शंभर वादक, एक ताल

आपल्या मलकापुरात वरातीपुढं हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतं. माणसं तीन-चार. एकमेकांकडे बघून, कानानं ऐकून वाजवतात. पण शंभर माणसं एकदम वाजवायला बसली तर? गोंधळच व्हायचा!

विलायतेत एवढ्या मोठ्या ताफ्याला सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणतात. पुढं व्हायोलिनं, मागं बासऱ्या, शिंगं, नगारे. समोर एकजण छोटी काठी घेऊन उभा. तो वाजवत नाही, ताल दाखवतो. वादकांपुढं कागद असतात. त्यांवर सूर लिहिलेले. आपण अक्षरं वाचतो, तसे ते सूर वाचतात.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली असा ताफा उभा केला. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना सूर वाचायला शिकवीत. गरिबांची पोरंही शिकली. त्या विद्येवर अनेकांना मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचं काम मिळालं.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा ऑर्केस्ट्रा जमवला आणि त्यावर आपले राग वाजवून घेतले. लता मंगेशकर, मन्ना डे त्यात गायले. ताफा मात्र टिकला नाही. एवढ्या पोटांना रोज पोसणार कोण? १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गाणं आपण सगळ्यांनी ऐकलंय. नाव खऱ्या माणसाचं, हे थोड्यांनाच ठाऊक.

२००६ पासून मुंबईत 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे. त्यातले पुष्कळ वादक परदेशातून येतात. म्हणून आता ही मंडळी मुंबईतल्या लहान मुलांना सूर वाचायला शिकवतात.