मिस्त्री काम अर्धवट टाकून गेला, आता हिशोब कसा करायचा?



उन्हाळा लागला की वाडीवस्तीवर बांधकामं निघतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणाला गटाचं कर्ज मिळालेलं असतं, कुणी चार शेळ्या विकून मागची खोली काढायला घेतलेली असते. गवंडी एक आणि हाका मारणारे दहा. मग मिस्त्री इसार घेतो, पंधरा दिवस झपाट्यानं काम करतो आणि अर्ध्यावर आलं की दिसेनासा होतो. फोन लावला की म्हणतो, "उद्या येतो." तो उद्या काही उगवत नाही. इकडे काम अर्धवट, पैसे देऊन बसलेले, आणि मिस्त्री म्हणतो आधी उरलेले द्या, मग येतो. अशा वेळी काय करायचं, ते आज आपण बोलू.

आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांच्या परवानगीनं बाकी सगळं सांगतो. ताईंनी एका खोलीचं काम मजुरीवर उक्तं दिलं होतं. सामान ताईंचं, मजुरी मिस्त्रीची. भिंती, स्लॅब, आतबाहेर गिलावा, न्हाणीघर आणि फरशी, सगळ्याचे मिळून ६०,००० रुपये ठरले. ठरलं ते तोंडी. त्यांतले ४५,००० रुपये ताईंनी देऊन झाले होते. भिंती झाल्या, स्लॅब पडला, आतला गिलावा झाला. बाहेरचा गिलावा, न्हाणीघर आणि फरशी राहिली, आणि मिस्त्रीनं दुसऱ्या गावात काम धरलं. मे अर्धा सरला होता. मृग तोंडावर. बाहेरून गिलावा नसलेल्या भिंतीवर पावसाचा मारा बसला तर आतली ओल वर्षभर जात नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शिवाय पैसा गटाच्या कर्जाचा. खोली पुरी होवो न होवो, हप्ता दर महिन्याला द्यायचाच.

ताईंचे मालक पुण्याला कंपनीत असतात. ताई मिस्त्रीकडे गेल्या तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, मालक आले की त्यांच्याशी बोलतो." मैत्रिणींनो, इथं आम्ही जरा थांबतो. कर्ज ताईंच्या नावावर, सिमेंटची पोती मोजून घेतली ताईंनी, स्लॅबला आठवडाभर पाणी मारलं ताईंनी आणि पैसे मोजून दिले तेही ताईंनी. मग हिशोब मालकांशी कशाला? तिथंच शांतपणे सांगायचं, "भाऊ, पैसे मी दिलेत, हिशोब माझ्याशीच होईल." एकटीला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघींना बरोबर घ्यायचं. आम्ही तेच केलं.

पण त्याच्याकडे जाण्याआधी आम्ही घरात बसून एक काम केलं, आणि आमच्या मते सगळ्या भांडणाची किल्ली तिथंच आहे. ताई म्हणत होत्या, "माझे ४५,००० बुडवले." मिस्त्री गावभर सांगत होता, "माझे १५,००० अडकवलेत." दोघांचेही आकडे रागाचे होते. खरा आकडा कुणीच काढलेला नव्हता.

तो काढायचा कसा? राहिलेलं काम दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायचं आणि विचारायचं, एवढं पुरं करायला मजुरी काय घेशील? एकाला नाही, दोघांना विचारावं. कारण पहिल्यावर खार खाऊन असलेला माणूस आकडा फुगवून सांगतो. आम्ही विचारलं तेव्हा बाहेरच्या गिलाव्याचे ९,०००, न्हाणीघराचे ६,००० आणि फरशीचे ७,००० असे २२,००० निघाले. म्हणजे ६०,००० मधून २२,००० वजा जाता ३८,००० चं काम झालेलं आहे. दिलेत ४५,०००. म्हणजे मिस्त्रीकडे ७,००० जास्त गेलेत.

इथं ताईंना हायसं वाटलं. पण हिशोब अजून संपलेला नव्हता. काम चालू असताना ताईंनी मधेच स्वयंपाकाचा ओटा घालून घेतला होता. तो मूळच्या बोलीत नव्हता. त्याची मजुरी मिस्त्री ३,००० सांगत होता आणि ती वाजवी होती. ते त्याचे पैसे. ते धरले तर जास्त गेलेली रक्कम ७,००० वरून ४,००० वर आली. बघा, ४५,००० चं भांडण ४,००० वर आलं. एवढ्या रकमेसाठी माणसं समोरासमोर बसू शकतात.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी. ओट्यासकट मिस्त्रीची एकूण मजुरी ६३,००० झाली, दिलेत ४५,०००. म्हणजे त्यानं येऊन काम पुरं केलं तर ताईंनी त्याला १८,००० द्यायचे. नाही आला तर त्यानं ताईंना ४,००० परत करायचे. एका कागदावर हे दोन आकडे लिहून आम्ही गेलो.

मिस्त्रीचंही ऐकून घ्यावं लागतं. तो म्हणाला, मधे वाळू वेळेवर आली नाही, माझे बिगारी आठ दिवस बसून राहिले, म्हणून मी दुसरं काम धरलं. ते खरं होतं. वाळू आणायचं काम ताईंकडे होतं. आणि त्याच्याकडे घमेली उचलणाऱ्या दोघीजणी आपल्यासारख्याच कुठल्यातरी गटातल्या बाया आहेत, हेही आम्हाला तिथंच कळलं. आपण रागानं सगळा पैसा अडकवला की मिस्त्री आधी त्यांचा रोज थकवतो. तरीही, वाळू आली तेव्हा त्यानं यायला हवं होतं, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितलं. एकाचा इसार घेऊन दुसऱ्याचं काम उरकायचं, याची टोपी त्याला घालायची, ही बऱ्याच जणांना लागलेली सवय आहे. ती आपण चालवून घेतो म्हणून चालते.

मग ठरलं असं. पुढचे पैसे आधी द्यायचे नाहीत. १८,००० चे तीन तुकडे करायचे. बाहेरचा गिलावा पुरा झाला की त्याच संध्याकाळी ७,०००, न्हाणीघर झालं की ५,०००, फरशी झाली की ६,०००. घरकुल घेतलेल्या बायांना ही पद्धत नवी नाही. सरकार तरी आपल्याला सगळे पैसे एकदम कुठं देतं? टप्पा झाला, फोटो निघाला, मग हप्ता खात्यावर. तसंच मिस्त्रीचं. मात्र टप्पा झाला की पैसे त्याच दिवशी द्यायचे, उद्यावर टाकायचं नाही. आपण चुकलो तर त्याला पुन्हा जायला निमित्त मिळतं.

हे एका वहीच्या पानावर लिहिलं. तारीख, राहिलेली कामं, रक्कम, दिवस. खाली ताईंची सही, मिस्त्रीची सही आणि दोन साक्षीदार. मिस्त्री कुरकुरला, "कागद कशाला, माझा शब्द आहे." आम्ही म्हटलं, भाऊ, शब्द तुमचाच लिहून घेतोय. एक प्रत त्यालाही दिली. कागदात त्याचाही फायदा आहे, उद्या ताईंनी पैसे नाकारले तर त्याच्या हातात काहीतरी राहतं. रोख पैसे देताना सही घ्यायची, आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रसीद तिकीट लावायचं. फोनवरून पैसे पाठवले असतील तर त्याची नोंद आपोआप राहते.

तो आला. मृगाआधी बाहेरचा गिलावा झाला, न्हाणीघर झालं. फरशीला मात्र पुन्हा दांडी मारली. मग ताईंनी त्याला फोनवर संदेश पाठवला की अमुक तारखेपर्यंत आला नाहीत तर फरशी दुसऱ्याकडून करून घेऊ. तारीख उलटली, फरशी दुसऱ्यानं ७,००० त केली. ताईंच्या हातात ६,००० होते, पदरचे १,००० गेले. त्यासाठी आम्ही पुढे गेलो नाही. खोली कोरडी आहे, हप्ते चालू आहेत.

दुसरा माणूस कामाला लावायच्या आधी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. अर्धवट कामाचे सगळ्या बाजूंनी फोटो, टेपनं घेतलेली मापं दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवलेली, आणि पहिल्या मिस्त्रीला आगाऊ कळवलेलं. नवीन गिलावा चढला की जुनं काम कुठवर होतं हे देवालाही सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. मिस्त्रीच्या सेंट्रिंगच्या फळ्या, थापी, ओळंबा अडकवून ठेवायचा नाही. राग येतो, खरं आहे. "पैसे दे आणि फळ्या ने" असं म्हणावंसं वाटतं. पण मग तक्रार करणारा तो होतो आणि उत्तर देणाऱ्या आपण. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला चोर म्हणणंही तसंच.

आता समजा माणूस बोलायलाच तयार नाही, फोनही उचलत नाही. तर पत्र पाठवायचं. वकिलाचंच पाहिजे असं नाही. साध्या मराठीत लिहायचं : "आपण अमुक तारखेला आमच्या खोलीचं काम इतक्या रुपयांना उक्तं घेतलं. आम्ही आपल्याला आजपर्यंत इतके रुपये दिले. अमुक काम झालं, अमुक राहिलं. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम पुरं करावं किंवा जास्त गेलेले इतके रुपये परत करावेत. तसं न झाल्यास काम दुसऱ्याकडून करून घेऊ आणि रकमेसाठी कायदेशीर मार्गानं जाऊ." एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. स्पीड पोस्टानं पाठवायचं आणि पावती, पत्राची प्रत जपून ठेवायची. पुष्कळ वेळा पोस्टमन दारात उभा राहिला की मिस्त्रीचा फोन येतो.

नाही आला तर? गावात तंटामुक्ती समिती असेल तर तिथं अर्ज द्यायचा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, ती असलेच वाद गावात मिटवायला. काही गावांत ही समिती जोरात चालते, काही गावांत नुसता फलक उरलाय, हे आपण जाणतोच. तिथं बोलवलं की आपला कागद पुढे करायचा आणि गोष्टी आकड्यांवर ठेवायच्या. समितीत बाई नसेल तर गटातल्या दोघींना बसू द्या असं सांगायचं.

बऱ्याच जणी आधी पोलीस चौकी गाठतात. काम अर्धवट राहिलं, पैशाचा वाद झाला, हा दिवाणी मामला असतो आणि ते तसंच सांगून परत पाठवतात. पहिल्यापासूनच फसवायच्या इराद्यानं पैसे घेतले असतील, म्हणजे खोटं नाव सांगून, एकाच वेळी दहा घरांतून इसार उचलून पळाला असेल, तर गोष्ट वेगळी, तिथं पोलिसांत जायलाच हवं. शिवीगाळ, अंगावर धावून येणं झालं तरही जायचं.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाई आहे, एवढं पुरतं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. कोर्टात दावा न टाकताही त्यांच्यामार्फत प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. दोघांनी मान्य करून तिथं जे ठरतं त्याला कोर्टाच्या हुकुमाची किंमत असते, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी नीट वाचून घ्यायचं.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची, जिल्ह्याच्या ठिकाणी. पैसे घेऊन काम उक्तं घेणारा मिस्त्री ही आपल्याला मिळणारी सेवा आहे, आणि ती अर्धवट टाकणं म्हणजे सेवेतली त्रुटी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. आधी विचारायचं असेल तर १९१५ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, वाट सांगतात. मात्र माणूस रोजंदारीवर लावला असेल, रोज सकाळी आपणच काम सांगत असू आणि संध्याकाळी रोज देत असू, तर त्याला ग्राहक आयोगात खेचता येणं कठीण. तिथं रोज बंद करणं हाच उपाय.

आयोगाला वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. चार-पाच हजारांसाठी जिल्ह्याला खेपा घालायच्या का, हे प्रत्येकीनं आपलं भाडं आणि बुडणारा रोज धरून ठरवावं. तीस-चाळीस हजार गेले असतील तर जरूर जावं.

पत्राचा नमुना आणि टप्प्यांचा कागद आम्ही लिहून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी गटाच्या बैठकीला सचिवांकडून उतरवून घ्यावा. ज्यांचं बांधकाम या महिन्यात निघतंय, त्यांनी इसार देण्याआधी घ्यावा.