थंडीतलं पळणं आणि जिम



पहाटे उदगीर रोडला भरतीची पोरं पळताना दिसतात. परवा त्यातल्या एकानं विचारलं, "काका, हिवाळ्यापुरती जिम लावू का?" घरची दोन एकर कोरडवाहू, फीची काळजी तोंडावर दिसत होती.

मी म्हणालो, पळायला जिम कशाला? आपल्याकडची थंडी म्हणजे पळायचे दिवस. आधी दहा मिनिटं अंग तापव, झालं. पण ताकद लागतेच. पोलीस भरतीच्या मैदानीत ५० पैकी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळ्यालाही १५ गुण. मी नुसताच पळालो. डांबरी रस्त्यानं गुडघा धरला अन् भरती हुकली. पी.टी.च्या सरांनी सांगितलेल्या बैठका मी चुकवायचो. सर समोरच बसलेत, आज कबूल करतो.

आपल्या बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटरच्या स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या पार करतो. २०२३ला हांगझोऊत सुवर्ण घेतलं. हे एकट्या दमाचं काम नव्हे.

शाळेच्या मागच्या खोलीत चार डंबेल, एक बार ठेवू या का? आठवड्यातून दोन दिवस खोली उघडली तरी पोरांना पुरे. पहिली जोडी माझ्याकडून.