पडद्यावरील हिशेब सर्वांस कळावा
(वार्षिक सभेतील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु हल्ली ताळेबंद व शिष्यवृत्तीचे नियम सभेत पडद्यावर स्लाइडच्या रूपाने दाखविले जातात. ज्या सभासदास ते वाचता येत नाहीत, तोही मंजुरीसाठी हात वर करतो; पण अशा संमतीस अर्थ काय? वर्गणी देणाऱ्या प्रत्येकास हिशेब कळणे हा त्याचा हक्क होय.

सभागृहात कोण बसले आहे, हे आधी पाहावे. मोतीबिंदू झालेल्या वडीलधाऱ्यांस रंग फिके दिसतात. काहींस लाल व हिरवा यांतील भेद जन्मतःच कळत नाही. कोणास ऐकू येत नाही, कोणास दिसत नाही. तर परप्रांती वाढलेल्या मुलांस मराठी बोलता येते, पण भरभर वाचता येत नाही.

म्हणून अक्षर मोठे असावे आणि एका पानावर एकच मुद्दा असावा. देवनागरीत मात्रा व रफार वर, तर उकार खाली येतात. यास्तव दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते. ‘खर्च’ या शब्दातील रफार बुजला, तर मागे केवळ ‘खच’ उरतो!

रंगांविषयी जगन्मान्य दंडक असा की, साध्या आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ास १ असावे. मोठ्या अक्षरांस ३ास १ चालते. पांढऱ्यावर काळ्याचे प्रमाण २१ास १ भरते; झेंडूसारखे केशरी मात्र दोनाच्या आसपासच अडते. तसेच तूट केवळ लाल रंगाने न दाखविता शेजारी ‘तूट’ हा शब्द लिहावा.

वक्त्याने ‘हा आकडा पाहा’ असे न म्हणता आकडा वाचून दाखवावा. ऐकू न येणाऱ्यांसाठी बोलण्याचा सारांश लेखी द्यावा. स्लाइड सभेपूर्वीच सभासदांच्या फोनवर पाठवाव्या. त्या युनिकोडमध्ये टंकलेल्या असाव्या. जुन्या फाँटांतील मजकूर अंधांस वाचून दाखविणाऱ्या यंत्रास निरर्थक अक्षरे भासतो, आणि कागदाचे नुसते छायाचित्र त्यास मुकेच राहते. चित्रास वर्णन जोडावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माध्यमांतील मजकूर सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. पण आपल्या घरच्या सभेस शासनाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. सभेच्या आदल्या दिवशी एखाद्या ज्येष्ठ सभासदास शेवटच्या रांगेत बसवून प्रत्येक पान वाचावयास सांगावे. जे त्यांस वाचता येणार नाही, ते पुन्हा लिहावे. यास पैसा लागत नाही. लागते ती केवळ आस्था.

ही विनंती तरुण कार्यकर्त्यांच्या पदरी घालून आम्ही आपली रजा घेतो.